केस उगवणारं औषध: बातमी आणि बाटली यांच्यामधलं अंतर

रात्री साडेआठनंतर दुकानातली गर्दी ओसरली की काही गिऱ्हाइकं पुढे येतात. तोवर ती बाजूला, ओआरएसच्या खोक्यांपाशी उभी असतात. नाशिकच्या पंचवटीत माझं मेडिकल आहे. इतक्या वर्षांत असं थांबून राहणाऱ्यांना काय विचारायचं असतं ते चेहऱ्यावरून कळायला लागलंय. या हिवाळ्यात असाच एक मुलगा थांबला होता. सव्वीस-सत्तावीसचा, अंबडला कंपनीत कामाला, मूळचा दिंडोरी तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. डोक्यावरची टोपी न काढता त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि हळूच म्हणाला, "ताई, हे आलंय का आपल्याकडे?"

बातमी टकलावरच्या नव्या औषधाची होती. मथळ्यात आकडा होता ५३९ टक्के.

"नाही आलं," मी म्हटलं.

"मग कधी येईल?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं नीट उत्तर एकदा लिहूनच काढावं असं मनात होतं. केस जाणं ही ज्याची त्यालाच कळणारी गोष्ट आहे. लग्नासाठी फोटो मागितला की तोच फोटो दहादा काढणारी मुलं मी बघते. भांग दर महिन्याला थोडा सरकवणाऱ्या बायका बघते. चारचौघांत 'टकल्या' म्हणून हाक मारणारे मित्रही बघते, आणि ते मला अजिबात आवडत नाही. त्या दुःखाला आशा दाखवून पैसे काढणारे पुष्कळ आहेत. म्हणून नव्या औषधाची बातमी आली की ती कशी वाचायची, हे प्रत्येकाला यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

टकलावरही केस असतात

रामकुंडावर सकाळी दशक्रियेचे विधी चालू असतात. नाभिक मंडळी ओळीने बसलेली असतात, एकेकाचं मुंडन होत असतं. कधी जवळून बघा. ज्याला आपण पूर्ण टक्कल म्हणतो अशा माणसाच्या टाळूवरून ओला वस्तरा फिरला तरी पात्याच्या कडेला बारीक, फिकट लव जमा होते. म्हणजे केसांची मुळं तिथून गेलेली नाहीत. ती आता इतका बारीक केस काढतात की तो डोळ्याला दिसत नाही, एवढंच.

केसाचं मूळ आयुष्यभर फेऱ्या घेत असतं. दोन ते सहा वर्षं वाढ, मग दोन-तीन आठवडे आवराआवर, मग साधारण तीन महिने झोप. झोप संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. डोक्यावर साधारण एक लाख केस आणि प्रत्येकाची फेरी वेगळी, त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं हे निरोगीपणाचंच लक्षण. द्राक्षबाग असलेल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. छाटणी झाली की वेल उघडी बोडकी दिसते, पण काडीवर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, असतात. डोळा झोपलेला असतो, मेलेला नसतो.

आनुवंशिक टकलात होतं असं की प्रत्येक फेरीत वाढीचा काळ कमी होत जातो आणि केस बारीक होत जातो. दरवर्षी काडी थोडी थोडी कमजोर पडत जावी, तसं. यामागे आहे डीएचटी नावाचं संप्रेरक (हार्मोन). शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून एक विकर (एन्झाइम) ते तयार करतं. ज्यांच्या मुळांना जन्मतःच डीएचटी सोसत नाही, त्यांच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले आणि टाळूवरचे केस हटू लागतात. कानामागचे आणि मानेवरचे मात्र टिकतात, कारण त्या मुळांना डीएचटीचं काही वाटत नाही. केस रोपण करताना मागचे केस पुढे लावतात ते म्हणूनच.

संप्रेरकाचा हा संबंध १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवला. वयात येण्याआधीच ज्यांची वृषणं काढली गेली होती, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे घराणं आणि संप्रेरक, दोन्ही लागतात. टोपीने, हेल्मेटने किंवा बोअरच्या पाण्याने हे टक्कल पडत नाही.

पण सगळी केसगळती एका जातीची नसते. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ मूठ केस गळतात आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात. चाई पडते, म्हणजे डोक्यावर चकत्या पडून केस जातात, तेव्हा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मुळांवर चालून जाते. बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये २०२४ च्या अखेरीला आणि २०२५ च्या जानेवारीत काही दिवसांतच लोकांचे केस हातात येऊ लागले होते. तिथे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवलं. या तिन्हींवर टकलाचं औषध लावून काय उपयोग? म्हणून कुठलीही बातमी वाचताना पहिला प्रश्न हा, की हे औषध कुठल्या केसगळतीसाठी आहे. मथळ्यात बहुधा ते लिहिलेलं नसतं.

दोन जुनी औषधं

आज दुकानात टकलासाठी खऱ्या अर्थाने कसोटीला उतरलेली मुख्य औषधं दोन आहेत, आणि दोन्ही मुळात दुसऱ्याच आजारासाठी होती.

मिनॉक्सिडिल ही ब्लडप्रेशरची गोळी. अमेरिकेत १९७९ साली तिला मंजुरी मिळाली. ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस येऊ लागले. मग त्याचंच लावायचं द्रावण करून पाहिलं आणि १९८८ साली २ टक्क्यांचं द्रावण केसांसाठी मंजूर झालं. मिनॉक्सिडिल त्वचेत गेल्यावर तिथल्या एका विकराने त्याचं रूप बदलावं लागतं, तेव्हाच ते काम करतं. ज्यांच्यात हे विकर कमी, त्यांना फरक कमी. "माझ्या मित्राला आले, मला का नाही?" याचं एक कारण हे आहे.

फिनास्टराइडची गोष्ट सुरू होते डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या खेड्यांत. तिथल्या काही मुलांमध्ये डीएचटी बनवणारं विकर जन्मतःच कमी होतं. १९७४ साली ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि कपाळावरचे केस हटत नसत. ते विकर थोपवणारी गोळी मग आधी प्रोस्टेटसाठी आली, १९९२ साली ५ मिलिग्रॅमची. केसांसाठी १ मिलिग्रॅमची आली १९९७ च्या डिसेंबरात.

या गोळीची चाचणी जरा बारकाईने बघण्यासारखी आहे, कारण केस मोजतात कसे ते तिच्यातून समजतं. १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष घेतले होते. प्रत्येकाच्या टाळूवर एक इंच व्यासाचं, म्हणजे साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढं वर्तुळ ठरवलं. त्या वर्तुळात सुरुवातीला सरासरी ८७६ केस होते. अर्ध्या लोकांना गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला कोणती हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. एक वर्षाने औषधवाल्यांकडे प्लासिबोवाल्यांपेक्षा त्या वर्तुळात सरासरी १०७ केस जास्त होते, दोन वर्षांनी १३८. यातला काही फरक केस वाढल्याने पडला आणि काही प्लासिबोवाल्यांचे केस गळत राहिल्याने. ८७६ च्या जागी हजारभर केस. चांगलं औषध म्हणतात ते एवढं करतं, आणि गोळी थांबवली की वर्षभरात ते गणित पुन्हा मूळपदावर येतं.

त्याच चाचणीत त्रासही मोजले गेले. कामेच्छा कमी झाल्याचं १.८ टक्के लोकांनी सांगितलं आणि प्लासिबोवाल्यांपैकीही १.३ टक्क्यांनी तेच सांगितलं. पण चाचणी संपली म्हणून मोजणी संपत नाही. लाखो लोक औषध घेऊ लागले की वेगळ्या गोष्टी पुढे येतात. २०२५ च्या मे महिन्यात युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार येणं हा फिनास्टराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं पक्कं केलं. मनावर उदासी येते आहे असं वाटलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना भेटायचं, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. चिठ्ठीशिवाय तर ही गोळी मी देतच नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेल्या गोळीला तिने हातही लावू नये. पोटातल्या मुलाच्या वाढीला त्याने धोका असतो.

दोन ओळी तशाच सोडल्या तर

दिंडोरीच्या त्या मुलाला मी विचारलं, "तुमच्या बागेत नव्या फवारणीचं औषध घेऊन कंपनीचा माणूस येतो, तेव्हा वडील काय करतात?"

तो म्हणाला, "आधी दोन-चार ओळींवर मारून बघतात. बाकीच्या तशाच ठेवतात."

"का?"

"नाहीतर औषधाने झालं की हवामानाने झालं, कळणार कसं?"

औषधाच्या चाचणीचं सगळं सार त्याच्या वडिलांना शाळेत न शिकता ठाऊक आहे. तशाच ठेवलेल्या ओळी म्हणजे प्लासिबो गट. केसांच्या बाबतीत तो फारच गरजेचा आहे. कारण केस ऋतूप्रमाणे कमी-जास्त गळतात, आजारातून उठल्यावर आपोआप भरतात, आणि 'आपण काहीतरी करतोय' म्हटल्यावर माणूस डोक्याची काळजीही जास्त घेतो. फोटोत उजेड थोडा वरून पडला तरी टाळू भरलेली दिसते. म्हणून चाचणीत टाळूवर गोंदवून एक ठिपका करतात आणि दर वेळी नेमक्या त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढून केस मोजतात. जाहिरातीतले आधीचे आणि नंतरचे फोटो असे काढलेले नसतात.

आता टप्पे. प्राण्यांवर आणि प्रयोगशाळेत पार पडल्यावर पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांना औषध देऊन ते सोसतं का एवढंच बघतात. केस उगवले की नाही हा प्रश्न तिथे दुय्यम असतो. दुसऱ्या टप्प्यात शे-दोनशे माणसं, किती मात्रा लागते आणि काही गुण येतो का याचा अंदाज. तिसऱ्यात शेकडो-हजारो, अनेक शहरांत, महिनोन्‌महिने, आणि बहुधा एकसारख्या दोन चाचण्या, म्हणजे एकीचा निकाल योगायोगाचा निघाला तर दुसरीत उघडा पडावा. त्यानंतर सगळे कागद नियामकाकडे. अमेरिकेत ते एफडीए, आपल्याकडे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना.

२०११ ते २०२० या काळातल्या सगळ्या आजारांवरच्या औषधांचा हिशेब अमेरिकेतल्या औषध उद्योगाच्या संघटनेने मांडला होता. पहिल्या टप्प्यात शिरलेल्या १०० पैकी जेमतेम ८ औषधं मंजुरीपर्यंत पोहोचली. सगळ्यात मोठी गाळणी दुसऱ्या टप्प्याची. तिथून पुढे जातात १०० पैकी सुमारे २९. उंदराच्या पाठीवर केस आल्याची बातमी आली, तर ती या सगळ्या पायऱ्यांच्या आधीची असते हे ध्यानात ठेवा. उंदराच्या पाठीवर केस उगवणं तुलनेने सोपं आहे. त्याच्या केसांच्या फेऱ्या काही आठवड्यांच्या असतात आणि बरेचसे केस एकदमच उगवतात. माणसाच्या टाळूची फेरी वर्षांची.

पडलेली, अडलेली आणि पुढे सरकलेली औषधं

पडलेल्या औषधांबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून आधी तीच सांगते.

२०१२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की टक्कल पडलेल्या त्वचेत पीजीडी२ नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते केसांची वाढ अडवतं. जगभर मथळे झाले. ते द्रव्य अडवणारं सेटिपिप्रँट नावाचं औषध ॲलर्जीसाठी आधीच बनवलेलं होतं. मग १६९ पुरुषांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. औषध सोसलं, पण प्लासिबोपेक्षा केस काही जास्त आले नाहीत. २०२१ साली निकाल छापून आला तेव्हा एकही मथळा झाला नाही. कल्पना पटण्याजोगी होती, प्रयोगशाळेत दिसत होती, आणि तरीही डोक्यावर चालली नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिच्यात कोणी फसवलं नव्हतं. चाचणीने आपलं काम केलं.

दुसरं उदाहरण चीनमधलं, केएक्स-८२६. डीएचटी मुळापाशी ज्या कुलपात जाऊन बसतं ते कुलूपच बंद करणारं, डोक्याला लावायचं द्रावण. दुसऱ्या टप्प्यात चांगलं उतरलं. तिसऱ्या टप्प्याचा निकाल २०२३ च्या नोव्हेंबरात आला. औषध लावणाऱ्यांचे केस सुरुवातीपेक्षा वाढले होते, पण प्लासिबोशी तुलना केल्यावर फरक कसोटीला उतरला नाही. तशाच सोडलेल्या ओळी नसत्या, तर हेच औषध यशस्वी म्हणून जाहीर झालं असतं.

आता त्या ५३९ टक्क्यांकडे येते. औषधाचं नाव क्लास्कोटेरोन. तेही कुलूप बंद करणाऱ्यांतलंच. १ टक्क्याचं मलम मुरुमांसाठी अमेरिकेत २०२० च्या ऑगस्टमध्येच मंजूर झालेलं आहे. त्वचेवर काम करून रक्तात गेलं की ते लवकर मोडतं, म्हणून फिनास्टराइडसारखा त्रास कमी व्हावा ही अपेक्षा. टकलासाठी ५ टक्क्यांच्या द्रावणावर तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्या झाल्या, दोन्ही मिळून १,४६५ पुरुष. २०२५ च्या डिसेंबरात कंपनीने जाहीर केलं की दोन्हींत औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं, एकीत ५३९ टक्के आणि दुसरीत १६८ टक्के.

मी त्या मुलाला बिलाच्या कागदामागे गणित मांडून दाखवलं. आकडे माझ्या मनचे, समजण्यासाठी. समज, वर्तुळात सुरुवातीला १५० केस आहेत. साध्या द्रावणाने २ वाढले आणि औषधाने १२. म्हणजे औषधाने १० केस जास्त आले. पण टक्केवारीत सांगायचं तर २ च्या तुलनेत १० जास्त म्हणजे ५०० टक्के. आता समज, दुसऱ्या चाचणीत साध्या द्रावणाने ४ वाढले आणि औषधाने १४. पुन्हा १० च जास्त. पण टक्केवारी झाली २५०. डोक्यावर फरक तेवढाच आणि मथळ्यातला आकडा निम्मा. १५२ च्या जागी १६२ केस हे आरशात कितपत दिसेल, ते विचारायला हवं. खालचा आकडा लहान असला की टक्के उड्या मारतात.

याचा अर्थ औषध वाईट असं मुळीच नाही. तिसऱ्या टप्प्यात दोन्ही चाचण्यांत प्लासिबोच्या पुढे जाणं ही या क्षेत्रात मोठी गोष्ट आहे, आणि फिनास्टराइड ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी मला या औषधाबद्दल खरंच आशा वाटते. पण ५३९ टक्के म्हणजे सहापट केस नव्हेत. हे ऐकून मुलाने पहिल्यांदा टोपी काढून काउंटरवर ठेवली.

तिसरं नाव पीपी४०५. हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून आलं. २०११ साली असं दिसून आलं होतं की टक्कल पडलेल्या जागीही केसांच्या मूळपेशी (स्टेम सेल) शाबूत असतात, पण त्या पुढचं काम करायला उठत नाहीत. पीपी४०५ त्या पेशींच्या आतला ऊर्जेचा एक रस्ता बंद करून त्यांना दुसऱ्या रस्त्याला लावतं, आणि त्यामुळे त्या जाग्या होतात. गोडी छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरात फळासाठी होणाऱ्या छाटणीनंतर, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, ते सगळे एकसारखे फुटावेत म्हणून. कल्पना तीच. २०२५ च्या जूनमध्ये दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागाचा निकाल जाहीर झाला. एकूण ७८ स्त्री-पुरुष, रोज एकदा, फक्त चार आठवडे लावायचं. आठव्या आठवड्यात, जास्त केस गेलेल्या पुरुषांपैकी ३१ टक्के जणांच्या केसांची घनता २० टक्क्यांहून जास्त वाढली होती. प्लासिबोत असा एकही नव्हता.

इतक्या लवकर असं दिसणं नवलाचं आहे. पण ७८ जणांतला एक गट, त्याचे ३१ टक्के, म्हणजे मोजकी माणसं. डोळा फुटला म्हणजे घड आला नाही, आणि घड आला म्हणजे माल निघाला नाही, हे नाशिककरांना मी काय सांगणार? तो केस जाड होतो का, वर्षभर टिकतो का, हे मोठ्या आणि लांब चाचणीतच कळेल.

प्रयोगशाळेत पेशी वाढवून त्या डोक्यात टोचायच्या, म्हणजे हवे तेवढे नवे केस, हे स्वप्न फार जुनं आहे. अडचण अशी की केसाच्या मुळाशी असलेल्या या पेशी काचेच्या ताटलीत वाढवल्या की आपलं काम विसरतात. २०१३ साली त्यांना लोंबत्या थेंबात, गोळ्यासारखं वाढवल्यावर थोडी आठवण परत येते असं दिसलं. काही कंपन्या यात उतरल्या आणि बंद पडल्या. 'पाच वर्षांत येईल' हे वाक्य याच उपचाराबद्दल मी सगळ्यात जास्त वेळा वाचलंय.

चाईचं चित्र बदललं, ते असं

सगळं अडूनच राहतं असं नाही. चाईच्या बाबतीत गेल्या दहा वर्षांत जे झालं ते बघून मला मनापासून आनंद होतो.

२०१४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की प्रतिकारशक्तीच्या पेशी केसांच्या मुळांवर चालून जातात तो निरोप जेएके नावाच्या विकरांमार्फत पोहोचतो. तो निरोप अडवणारी औषधं संधिवातासाठी आधीच होती. त्याच वर्षी येल विद्यापीठात अंगावरचे सगळे केस गेलेल्या एका २५ वर्षांच्या तरुणाला यातलं एक औषध दिलं आणि काही महिन्यांत त्याचे केस, भुवया, पापण्या परत आल्या. पण एक रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे. मग बारिसिटिनिब या औषधाच्या तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्या झाल्या. डोक्यावरचे निम्मे किंवा जास्त केस गेलेले १,२०० लोक. ३६ आठवड्यांनी, ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी एका चाचणीत सुमारे ३९ टक्के आणि दुसरीत सुमारे ३६ टक्के लोकांच्या डोक्यावर ८० टक्के किंवा जास्त भागात केस होते. प्लासिबोत ६ आणि ३ टक्के. २०२२ च्या जूनमध्ये एफडीएने मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी १२ वर्षांवरच्या मुलांनाही चालणारं रिटलेसिटिनिब आलं.

आकडे कसे सांगितलेत बघा. किती माणसांचं डोकं भरलं ते थेट. पटकन वाचून कळतं. पण दहातल्या सहांना तेवढा गुण आला नाही हेही त्याच आकड्यात आहे. ही औषधं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, म्हणून जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, कर्करोग यांचा ठळक इशारा त्यांच्या माहितीपत्रकावर असतो. क्षयरोगाची तपासणी केल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. आणि आनुवंशिक टकलावर यांचा उपयोग नाही, कारण तिथे प्रतिकारशक्तीचा हल्ला नसतोच. गेल्या वर्षी एक गृहस्थ "टकलाची नवी गोळी" म्हणून हीच मागायला आले होते. त्यांना परत पाठवलं.

पैसे कोण देतं, ते बघा

माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका क्लिनिकमध्ये 'स्टेम सेल' नावाच्या उपचाराचे साठ हजार रुपये भरले. तीन बैठका. टोचलेल्या बाटलीवर काय लिहिलं होतं ते त्याला आठवत नाही. पावतीवर फक्त 'हेअर पॅकेज'. मला आधी सांगितलं असतं तर, असं मी म्हणाले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, लाज वाटली." त्या लाजेवरच हा बाजार उभा आहे. केसांसाठी स्टेम सेल हा उपचार भारतात मान्य नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो करायचा झाला तर रीतसर चाचणी म्हणूनच. आणि चाचणीच्या औषधासाठी सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. एक्सोसोम (पेशींतून बाहेर पडणारे सूक्ष्म कण) नावाने जे विकतात, त्यातल्या एकालाही अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी नाही.

खरी चाचणी ओळखायची सोय आपल्याकडे आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधाच्या चाचणीची नोंद तिथे करणं सक्तीचं झालं. कोणीही उघडून बघू शकतं, फुकट. कुठल्या शहरात, कुठल्या रुग्णालयात, किती लोकांवर, कुठल्या टप्प्याची, सगळं असतं. २०१९ च्या नियमांनुसार सहभागी होणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते, नैतिकता समितीची परवानगी लागते, इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. माणूस मधेच केव्हाही बाहेर पडू शकतो. ज्या उपचाराला नोंद क्रमांक नाही, समितीचं नाव नाही, आणि पैसे मात्र आगाऊ मागितले जातात, ती चाचणी नाही, ती विक्री आहे.

हे सगळं मी एका बैठकीत त्या मुलाला सांगितलं नाही. तो तीन-चारदा आला. दरम्यान त्याने फोनवर सीटीआरआय उघडून शोधाशोधही केली आणि काउंटरवरच मला दाखवली. त्याला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण भिंगातून टाळू बघितल्याशिवाय केस बारीक होतायत की चाई आहे की अंगात लोह कमी आहे, हे मला काउंटरच्या अलीकडून कळत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो चिठ्ठी घेऊन आला. मिनॉक्सिडिल ५ टक्के, दिवसातून दोनदा. गोळी डॉक्टरांनी अजून लिहिली नव्हती. मी त्याला सांगितलं की पहिल्या महिना-दोन महिन्यांत केस उलट जास्त गळल्यासारखे वाटतील. झोपलेली मुळं जागी होताना जुना केस टाकतात, त्याला घाबरून बाटली ठेवून देऊ नकोस. टाळूचा फोटो आजच काढ, खिडकीपाशी, डोकं कोरडं असताना, आणि पुढचा सहा महिन्यांनी, त्याच खिडकीपाशी त्याच वेळेला काढ. मी खोक्यावर तारीख लिहून दिली.

"सहा महिने म्हणजे कधी?" त्याने विचारलं आणि मग स्वतःच बोटांवर मोजलं. त्याच्याकडे खरड छाटणी नुकतीच उरकली होती. "गोडी छाटणीला," तो म्हणाला. खोकं पिशवीत टाकलं, टोपी हातातच ठेवली आणि गाडीला किक मारली.